शाब्दिक उदाहरणे सुटत का नाहीत? पालक आणि मुले वारंवार विचारतात ते प्रश्न

गणिताच्या शाब्दिक उदाहरणांबद्दल सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न तिसरी-चौथीच्या मुलांचे, शेवटचे आठवी ते दहावीचे. सगळे एका बैठकीत वाचायची गरज नाही, तुमचा प्रश्न शोधून तेवढाच वाचला तरी चालेल.

१. मुलाला पाढे येतात, हातचे घेऊन वजाबाकी येते, पण शाब्दिक उदाहरण आले की अडतो. असे का?

कारण ही दोन वेगळी कामे आहेत. उभ्या मांडणीत काय करायचे ते चिन्हच सांगते. शाब्दिक उदाहरणात ते आपण ठरवायचे असते, आणि ठरवण्यासाठी आधी वाचलेले समजावे लागते.

नेमके कुठे अडते ते पाहायला पाच मिनिटे लागतात. चुकलेले उदाहरण त्याला वाचायला द्या, पुस्तक मिटा आणि गोष्ट सांगतो तशी तोंडी सांगायला लावा. सांगताच आले नाही, तर अडचण वाचनाची आहे. गोष्ट नीट सांगितली पण गुणाकाराच्या जागी बेरीज केली, तर प्रश्न ३ आणि ४ पाहा. क्रिया बरोबर निवडली आणि आकडेमोडीत चुकला, तर फक्त सराव कमी पडतो आहे. बहुतेक घरांत या तिन्हींवर एकच उपाय होतो, 'अजून वीस उदाहरणे सोडव'. तो फक्त तिसऱ्या अडचणीवर लागू पडतो.

२. उदाहरण सोडवण्याच्या पायऱ्या नेमक्या कोणत्या?

एक उदाहरण घेऊनच सांगतो.

एका शेतकऱ्याने बाजारात टोमॅटोचे ८ क्रेट नेले. प्रत्येक क्रेटमध्ये २० किलो टोमॅटो होते. त्यांतले १५ किलो खराब निघाले. उरलेले १८ रुपये किलोने विकले. टेम्पोभाडे ३५० रुपये दिले. त्याच्या हातात किती रुपये राहिले?

मुले पहिल्या ओळीतले ८ आणि २० दिसले की लगेच काहीतरी करायला लागतात. त्याऐवजी शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करा आणि मागे मागे जा.

हातात राहिलेले पैसे = विक्रीचे पैसे − भाडे. भाडे दिलेले आहे, विक्रीचे पैसे नाहीत.
विक्रीचे पैसे = विकलेले किलो × दर. दर दिलेला आहे, विकलेले किलो नाहीत.
विकलेले किलो = आणलेले किलो − खराब किलो. खराब किलो दिलेले आहेत.
आणलेले किलो = ८ × २०. हे काढता येते.

मागे जाणे इथे संपले. आता पुढे या:

८ × २० = १६० किलो
१६० − १५ = १४५ किलो
१४५ × १८ = २६१० रुपये
२६१० − ३५० = २२६० रुपये

मग अंदाज तपासा. दीडशे किलोच्या आत माल, वीसच्या आत दर, म्हणजे विक्री तीन हजारांच्या आत हवी. आहे. शेवटी प्रश्नाला उत्तर देणारे पूर्ण वाक्य लिहा: शेतकऱ्याच्या हातात २२६० रुपये राहिले.

मागे जाताना आकडेमोड अजिबात करायची नाही, एवढी एकच शिस्त पाळा. चौथीतले मूल चार-पाच उदाहरणांत हे शिकते.

३. 'एकूण' आले की बेरीज, 'उरले' आले की वजाबाकी, 'प्रत्येकी' आले की भागाकार. असा तक्ता पाठ करून घ्यावा का?

नको. ही सवय जितकी लवकर लागते तितकी उशिरा सुटते. पुढची तीन उदाहरणे पाहा.

मीनाकडे काही चिंचोके होते. खेळात १२ हरली, आता १९ उरले. आधी किती होते? इथे 'उरले' आहे आणि उत्तर बेरजेने येते: ३१.

५ वह्यांची एकूण किंमत १७५ रुपये. एका वहीची किंमत किती? 'एकूण' आहे, पण भागाकार: ३५ रुपये.

सलीमकडे रोहनपेक्षा ८ गोट्या जास्त आहेत. सलीमकडे २३ आहेत, तर रोहनकडे किती? 'जास्त' आहे, पण वजाबाकी: १५.

दुसरीच्या पुस्तकात तक्ता चालतो, कारण तिथली उदाहरणे तशीच बेतलेली असतात. चौथीत तो कोलमडतो आणि मूल म्हणते, 'मला गणित येतच नाही.' शब्दाऐवजी घटना ओळखायला शिकवा. दोन गट एकत्र आले का? एका गटातून काही गेले का? दोघांची तुलना आहे का? सारखे गट आहेत का? घटना कळली की विचारायचे, हिच्यातली कोणती गोष्ट माहीत नाही? मीनाच्या उदाहरणात घटना 'गेले' हीच आहे, पण माहीत नसलेली संख्या सुरुवातीची आहे, म्हणून उलटे जावे लागते.

४. चित्र काढण्यात वेळ जात नाही का?

ज्या उदाहरणाला क्ष मानून तीन ओळींचे समीकरण लागते, ते पट्ट्या काढून पाचवीतल्या मुलालाही सुटते. त्या मानाने वेळ काहीच नाही.

ताई आणि दादा यांच्याकडे मिळून ९६ रुपये आहेत. ताईकडे दादाच्या तिप्पट आहेत. दादाची एक पट्टी काढा, तिच्याखाली ताईच्या तेवढ्याच तीन. एकूण ४ पट्ट्या म्हणजे ९६, एक पट्टी २४. दादाचे २४, ताईचे ७२.

आता हेच जरा बदलू. ताईकडे दादापेक्षा १६ रुपये जास्त आहेत. पट्ट्या सारख्याच, फक्त ताईच्या पट्टीला १६ चे शेपूट. शेपूट कापा: ९६ − १६ = ८०. दोन सारख्या पट्ट्या ८० च्या, म्हणजे दादाचे ४० आणि ताईचे ५६. इथे बरीच मुले ९६ चे अर्धे करून त्यात १६ मिळवतात आणि ६४ लिहितात. पट्टी काढलेले मूल ही चूक सहसा करत नाही.

चित्र सुबक नको. टोमॅटोच्या उदाहरणात टोमॅटो रंगवत बसणाऱ्या मुलांना मात्र आवरा.

५. 'दीड', 'पावणेतीन', 'सव्वाशे' असे शब्द आले की मुलगी थांबते. काय करावे?

आधीच्या पिढ्यांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ केले होते, त्यामुळे त्यांना या शब्दांचे काही वाटत नसे. ती कोष्टके परत पाठ करायला लावावीत असे मी म्हणणार नाही, पण शब्दांचे अर्थ पक्के हवेत.

सव्वा म्हणजे पाव जास्त, साडे म्हणजे अर्धा जास्त, पावणे म्हणजे पाव कमी. सव्वातीन म्हणजे ३ १/४, साडेतीन म्हणजे ३ १/२, पावणेतीन म्हणजे २ ३/४. दीड आणि अडीच स्वतंत्र शब्द आहेत, 'साडेएक' आणि 'साडेदोन' कोणी म्हणत नाही.

पुढे शे, हजार, लाख आले की पाव त्यांचा घ्यायचा. सव्वाशे १२५, पावणेदोनशे १७५, अडीचशे २५०, पावणेतीन हजार २७५०, सव्वा लाख १,२५,०००.

सगळ्यात मोठा खड्डा वेळेत आहे. अडीच तास म्हणजे २.५ तास, म्हणजेच २ तास ३० मिनिटे. मुले घड्याळातले २.३० तसेच उचलतात आणि ताशी ४० किमी वेगाने २.३० × ४० = ९२ किमी लिहितात. खरे अंतर १०० किमी आहे.

६. डझन, ग्रोस, दस्ता, रीम, गुंठा, आर हे सगळे पाठ हवे का?

शिष्यवृत्ती परीक्षेला बसणाऱ्यांना हवे. १२ वस्तू म्हणजे १ डझन, १२ डझन (१४४) म्हणजे १ ग्रोस. २४ कागद म्हणजे १ दस्ता, २० दस्ते (४८० कागद) म्हणजे १ रीम. झेरॉक्सच्या दुकानात मिळणारे रीम ५०० कागदांचे असते, म्हणून मुले वाद घालतात. त्यांचे चूक नाही, पण परीक्षेत वेगळे काही दिले नसेल तर ४८० धरा.

जमिनीसाठी १ आर = १०० चौरस मीटर आणि १ हेक्टर = १०० आर. सातबारावर शेतजमिनीचे क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. गुंठा साधारण १०१ चौरस मीटर भरतो. आरच्या अगदी जवळ, पण आर नव्हे.

कोणतेही एकक असो, आकडेमोडीआधी सगळे एकाच एककात आणा. सव्वा किलो चहाच्या ५० ग्रॅमच्या पुड्या किती? १२५० ÷ ५० = २५.

७. शाळेत एकमान पद्धत शिकवतात, आजोबा त्रैराशिक मांडतात. कोणते बरोबर?

दोन्ही. ७ वह्या १७५ रुपयांना, तर १२ वह्या कितीला? एकमान पद्धतीने आधी एका वहीचे २५ रुपये, मग १२ × २५ = ३००. आजोबा मांडतात ते असे: प्रमाण ७, फल १७५, इच्छा १२. फलाला इच्छेने गुणा, प्रमाणाने भागा: १७५ × १२ ÷ ७ = ३००. हा नियम आर्यभटांनी इसवी सन ४९९ च्या सुमारास नेमक्या याच शब्दांत दिला आहे, तेव्हा आजोबांना जुनाट म्हणू नये.

एकमान पद्धतीत काय चालले आहे ते दिसते, म्हणून शिकताना ती चांगली. भाग पुरा जात नसेल तर त्रैराशिक सोयीचे. ९ मीटर कापड २४० रुपयांना, तर १५ मीटर? एका मीटरची किंमत काढायला गेलात तर २६.६६… येते, आणि २६.६६ धरून गुणले तर ३९९.९० होतात. २४० × १५ ÷ ९ केले की सरळ ४००. एकमान पद्धतीनेच करायचे असेल तर २४०/९ असा अपूर्णांक तसाच ठेवा.

त्रैराशिकाचा धोका एकच, ते डोळे मिटून कुठेही लावता येते. म्हणून पुढचा प्रश्न.

८. समप्रमाण आहे की व्यस्त, हे कसे ओळखायचे?

'पहिले दुप्पट केले तर दुसऱ्याचे काय होईल?' असे विचारा. वह्या दुप्पट, तर पैसे दुप्पट: समप्रमाण. मजूर दुप्पट, तर दिवस निम्मे: व्यस्त. १२ मजुरांना १० दिवस लागतात, म्हणजे काम १२० मजूर-दिवसांचे. १५ मजुरांना १२० ÷ १५ = ८ दिवस.

तिसराही प्रकार असतो, आणि तो शिकवायचा राहून जातो. एक सदरा दोरीवर वाळायला २ तास लागतात, तर तसेच ५ सदरे एकदम वाळत घातले तर किती? दोनच तास. दहा वर्षांच्या मुलीची उंची १३० सेंमी, तर वीस वर्षांची झाल्यावर किती? सांगता येणार नाही. प्रमाणच नाही, तिथे त्रैराशिक कसले?

व्यस्त प्रमाणातली नेहमीची फसवणूक मधेच काही बदलण्याची. वसतिगृहात ४० मुलांना ३० दिवस पुरेल इतके धान्य आहे. १० दिवसांनी आणखी १० मुले आली. उरलेले धान्य किती दिवस पुरेल? मुले १२०० ÷ ५० = २४ लिहितात. पण १० दिवसांचे धान्य तर खाऊन झाले. उरले ते ४० मुलांचे २० दिवसांचे, म्हणजे ८००. ८०० ÷ ५० = १६ दिवस.

९. अपूर्णांकांच्या उदाहरणात उत्तर नेहमी वेगळेच येते. नियम तर सगळे येतात.

नियमांपेक्षा 'कशाचा?' हा प्रश्न विचारला जात नाही, ही खरी अडचण. मला एकच गोष्ट शिकवायची मुभा दिली तर मी हीच शिकवेन.

एका माणसाने पगाराचा १/३ भाग घरभाड्याला दिला. उरलेल्याचा १/४ भाग किराण्यावर खर्च केला. त्याच्याकडे ९००० रुपये राहिले. पगार किती?

१/३ कशाचा? पगाराचा. मग राहिला पगाराचा २/३. १/४ कशाचा? उरलेल्याचा, म्हणजे २/३ चा. त्यातले ३/४ राहिले. २/३ × ३/४ = १/२. पगाराचा निम्मा भाग ९०००, तर पगार १८,०००.

'उरलेल्याचा' हा शब्द डोळ्यांखालून निसटला तर काय होते? १/३ + १/४ = ७/१२, राहिले ५/१२, आणि ९००० × १२/५ = २१,६००. हेही उत्तर बिनबाकीचे, गुळगुळीत येते! 'उत्तर पुरे आले, म्हणजे बरोबर असणार' हा समज इथे दगा देतो. २१,६०० उदाहरणात परत घालून पाहा: भाडे ७२००, उरले १४,४००, किराणा ३६००, राहिले १०,८००. नऊ हजार नाहीत. १८,००० घाला: भाडे ६०००, उरले १२,०००, किराणा ३०००, राहिले ९०००. जुळले.

सवय अशी लावा: वाचतानाच प्रत्येक अपूर्णांकाखाली पेन्सिलीने तो कशाचा ते लिहायचे. अपूर्णांकामागचा 'चा', 'ची', 'चे' म्हणजे गुणाकार, आणि कोणाशी गुणायचे ते त्याआधीचा शब्द सांगतो.

१०. किंमत २०% वाढवली आणि मग २०% कमी केली, तर मूळ किंमत का येत नाही?

प्रश्न ९ मधलाच 'कशाचे?' इथेही आहे. ५०० रुपयांवर २०% म्हणजे १००, किंमत ६०० झाली. आता २०% कमी करायचे ते ६०० चे, म्हणजे १२०. किंमत ४८०. टक्के सारखे, पाया वेगळा.

पाया लक्षात ठेवा: शेकडा नफा-तोटा खरेदी किमतीवर, सूट छापील किमतीवर. १०% सूट देऊन वस्तू ४५० ला विकली, तर छापील किंमत ४९५ नाही. ४५० हे छापील किमतीचे ९०% आहेत, म्हणून छापील किंमत ५०० रुपये.

परीक्षेत आवडीने विचारले जाणारे एक: दोन घड्याळे प्रत्येकी ९९० रुपयांना विकली. एकावर १०% नफा, दुसऱ्यावर १०% तोटा. एकूण काय झाले? 'ना नफा, ना तोटा' हे उत्तर मोहात पाडते. खरेदी किमती ९०० आणि ११००, एकूण २०००. विक्री १९८०. तोटा २० रुपये, म्हणजे १%.

११. भागाकारात बाकी उरली तर तिचे काय करायचे?

ते गोष्टीवर अवलंबून आहे. १३० ÷ ४० केले की भागाकार ३, बाकी १०. आता चार गोष्टी पाहा.

सहलीला १३० मुले, एका बसमध्ये ४०. बस किती? ४, कारण दहा मुलांना शाळेत सोडून जाता येत नाही. १३० सेंमी फितीतून ४० सेंमीचे तुकडे किती निघतील? ३. फीत किती उरेल? १० सेंमी. १३० रुपये ४० जणांत सारखे वाटले तर प्रत्येकाला किती? ३ रुपये २५ पैसे.

१२. झाडे, खांब, दिवस मोजताना एकाने चुकते. एक मिळवायचा की नाही?

पाठ करू नका. लहान आकडे घेऊन बोटांवर करून पाहा. १० मीटर रस्ता, दर ५ मीटरवर झाड, दोन्ही टोकांना झाडे: ०, ५, १० वर मिळून ३ झाडे. अंतरे २, झाडे ३, म्हणजे एक जास्त. म्हणून १०० मीटरला २१ झाडे. मैदान गोल असून त्याचा परीघ १०० मीटर असेल तर पहिले आणि शेवटचे झाड एकच, म्हणून २०. लाकडाचे ५ तुकडे करायला ४ वेळा कापावे लागते.

तारखांतही तेच. १२ मार्च ते २० मार्च, दोन्ही दिवस धरून, ९ दिवस. 'दोन्ही धरून' लिहिले आहे का ते आधी पाहा.

१३. उदाहरणातली प्रत्येक संख्या वापरलीच पाहिजे का?

नाही, आणि 'वापरलीच पाहिजे' हा समज फार खोलवर रुजलेला असतो. १९८० च्या आसपास फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे गणित-शिक्षणाच्या अभ्यासकांनी सात ते नऊ वर्षांच्या मुलांना विचारले: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेल्या संख्या वापरून वय काढून दाखवले. आपल्याकडे धनगराचे वय विचारून बघा.

घरी अधूनमधून मुद्दाम जादा माहितीचे उदाहरण द्या, कधी अपुऱ्या माहितीचे. 'हे सुटणार नाही, दर दिलेला नाही' असे मूल म्हणाले तर त्याला पूर्ण गुण द्या.

१४. क्ष मानायला केव्हा सुरुवात करावी? आणि समीकरण उलटे का मांडले जाते?

पट्ट्यांनी (प्रश्न ४) अवघड होऊ लागले की क्ष. सहावी-सातवीच्या आधी घाई नको.

उलटे होते ते विभक्तीच्या प्रत्ययांकडे नीट न पाहिल्याने. 'क्ष मधून ७ वजा' म्हणजे क्ष − ७, '७ मधून क्ष वजा' म्हणजे ७ − क्ष. त्यातही क्रम महत्त्वाचा. 'एका संख्येच्या दुपटीतून ६ वजा केल्यास २० येतात': २क्ष − ६ = २०, संख्या १३. 'एका संख्येतून ६ वजा करून येणाऱ्या संख्येची दुप्पट २०': २(क्ष − ६) = २०, संख्या १६.

'विद्यार्थी शिक्षकांच्या २० पट आहेत' याचे समीकरण चांगली मुलेही २० × विद्यार्थी = शिक्षक असे लिहितात. २ शिक्षक धरा, विद्यार्थी ४० हवेत, समीकरणात घाला. चूक लगेच दिसते.

वयाच्या उदाहरणांना दोन रकाने आखा, 'आज' आणि 'नंतर'. आईचे वय मुलीच्या तिप्पट आहे, १२ वर्षांनी ते दुप्पट होईल. आज: क्ष आणि ३क्ष. नंतर: क्ष + १२ आणि ३क्ष + १२. मग ३क्ष + १२ = २(क्ष + १२), क्ष = १२. मुलगी १२, आई ३६. रकाने नसतील तर १२ वर्षे फक्त एकाचीच वाढतात, असे फार होते.

१५. 'तिप्पट' आणि 'तिपटीने जास्त' एकच का?

तिप्पट म्हणजे ३ पट, यात वाद नाही. 'तिपटीने वाढली' हे मोघम आहे. बोलताना लोक तिप्पट झाली अशाच अर्थी म्हणतात, काटेकोर वाचले तर मूळ अधिक तिप्पट, म्हणजे चौपट होते. पर्यायी उत्तरे असतील तर कोणता अर्थ बसतो ते पाहा. लेखी उत्तरात आपण धरलेला अर्थ एका ओळीत नोंदवा. टक्क्यांत असा घोळ नाही: २००% ने वाढली म्हणजे तिप्पट झाली, २००% झाली म्हणजे दुप्पट.

१६. काळ-काम-वेगाची सूत्रे पाठ आहेत, तरी उत्तरे चुकतात.

सूत्राआधी अंदाज करा. एका नळाने टाकी ६ तासांत भरते, दुसऱ्याने १२ तासांत. दोन्ही सोडले तर? कोणी १८ लिहितो, कोणी सरासरी काढून ९. पण एकटा नळ ६ तासांत भरतो, मग मदतीला दुसरा आल्यावर ६ पेक्षा कमीच वेळ हवा. एका तासात १/६ + १/१२ = १/४ टाकी, म्हणून ४ तास.

सरासरी वेगातही तीच गफलत. १२० किमी जाताना ताशी ४०, येताना ताशी ६०. सरासरी ५० नाही. जायला ३ तास, यायला २ तास, एकूण २४० किमी ५ तासांत, म्हणून ताशी ४८. कमी वेगाने जास्त वेळ गेला, म्हणून सरासरी ४० कडे झुकते.

आगगाडीची स्वतःची लांबी विसरू नका. १८० मीटर लांबीची गाडी ताशी ७२ किमी वेगाने, म्हणजे सेकंदाला २० मीटर, जाते. खांब ओलांडायला १८० ÷ २० = ९ सेकंद. २२० मीटरचा फलाट ओलांडायला (१८० + २२०) ÷ २० = २० सेकंद.

१७. उत्तर बरोबर असूनही गुण कापले. का?

बहुधा एकक नाही, 'समजा' लिहिलेले नाही किंवा शेवटचे वाक्य नाही. क्ष म्हणजे काय हे न सांगता समीकरण सुरू करणे ही दहावीतही दिसणारी चूक. आणखी एक, ८ × २० = १६० − १५ = १४५ असे एका ओळीत ओढणे. ८ × २० म्हणजे १४५ नव्हे. प्रत्येक पायरी नव्या ओळीवर लिहा.

१८. शिष्यवृत्ती परीक्षेत एवढे सगळे लिहायला वेळ कुठे असतो?

पेपरात ७५ प्रश्नांना ९० मिनिटे असतात, म्हणजे प्रश्नामागे ७२ सेकंद. तिथे मांडणी नको, पर्याय वापरा. दोन अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ९ आहे, अंकांची अदलाबदल केल्यास संख्या २७ ने वाढते. पर्याय ४५, ६३, ३६, २७. चौघांचीही बेरीज ९ आहे. ६३ उलटवली की कमी होते, ४५ ची ५४ होते (फरक ९), २७ ची ७२ (फरक ४५), ३६ ची ६३ (फरक २७). उत्तर ३६. समीकरण मांडायची गरजच पडली नाही.

१९. मुलगा सेमी-इंग्रजीत आहे. मराठीत सांगितले की उदाहरण लगेच सुटते, पुस्तकातून सुटत नाही.

म्हणजे गणित येते, हे आधी त्याला सांगा. घरी गोष्ट मराठीत होऊ द्या, लिहिणे शाळेच्या भाषेत. तोंडी सांगताना संख्यांकडे लक्ष ठेवा. सत्तेचाळीस ऐकून ७४ लिहिणे, एकोणसाठला ६९ समजणे हे या मुलांत नेहमी दिसते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशा वाचनाचीही पद्धत आली तेव्हा बराच गदारोळ झाला. माझ्या मते दोन्ही येऊ द्यावेत: शंका आली तर मुलाने 'चाळीस सात' म्हणून खात्री करून घ्यावी.

२०. उत्तर ऋण आले, किंवा माणसे साडेसात आली, तर उदाहरण चुकले असे समजायचे का?

माणसे साडेसात आली तर हो, मांडणी परत तपासा. ऋण उत्तराचे तसे नाही. आई ३८ वर्षांची, मुलगा १६ वर्षांचा. किती वर्षांनी आईचे वय मुलाच्या तिप्पट होईल? ३८ + क्ष = ३(१६ + क्ष), म्हणून २क्ष = −१०, क्ष = −५. आकडेमोड चुकलेली नाही. तिप्पट असण्याची वेळ ५ वर्षांपूर्वी येऊन गेली: आई ३३, मुलगा ११. तेव्हा 'पुढे कधीच होणार नाही, ५ वर्षांपूर्वी होते' असे उत्तर लिहा.

आणि पुस्तकामागचे उत्तर तुमच्या उत्तराशी जुळत नसेल, तर दोन्ही उत्तरे प्रश्न ९ मधल्यासारखी उदाहरणात घालून पाहा. छपाईच्या चुका असतात. जे उत्तर उदाहरणातल्या सगळ्या अटींना पुरे पडते, ते धरा.